वय वाढतं तशी रानातल्या जनावरांविषयीची भीती आणि माया का बदलते?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ चाळिशी ओलांडलेले, मूळ जुन्नर तालुक्यातल्या बागायती गावचे, नोकरीमुळे पुण्यात स्थायिक. लहानपणी ओढ्यात खेकडे आणि नानेट्या (बिनविषारी साप) धरायचे, रात्री एकटे मळ्यात जायचे. आता सुट्टीत गावी गेलं की सात वर्षांच्या मुलीला दिवेलागणीनंतर अंगणातसुद्धा सोडवत नाही. पंच्याहत्तरीचे वडील मात्र हातात बॅटरी न घेता उसाच्या कडेने फिरून येतात आणि ‘शहरात राहून भित्रा झालास’ असं सुनावतात. मुलीला तर बिबट्याचं पिल्लू पाळायचं आहे. आपण खरंच भित्रे झालो आहोत का, तिघांत बरोबर कोण आणि मुलीला शिकवायचं काय, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी भित्रेपणाचं बोलते. गावोगावी बिबट्या आणि साप या विषयांवर सभा घेण्याचं, हल्ला झाल्यावर त्या घरी जाऊन बसण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. तुमच्यासारखी तक्रार सभा संपल्यावर कोणीतरी बाजूला घेऊन हमखास सांगतं. सांगणाऱ्यांत शहरात गेलेले असतात, तसे जन्मभर मळ्यात राहिलेलेही असतात. विसाव्या वर्षी बिबट्या दिसला म्हणून मोटारसायकल वळवून त्याच्या मागे गेलेला पोरगा पस्तिशीत घराला जाळीचं कुंपण घालतो. मधल्या काळात त्याने गाव सोडलेलं नसतं. घरात मूल आलेलं असतं, गोठ्यात कर्ज काढून घेतलेली गाय आलेली असते. मत वयाने बदललं असं आपण म्हणतो. मला मात्र दिसतं ते हे की, कोणाच्या जिवाची जबाबदारी आपल्या अंगावर आहे ते बदललेलं असतं. ओढ्यात नानेटी धरणाऱ्या मुलावर कोणाचीच जबाबदारी नव्हती. आज तुमच्यावर मुलीची आहे. वडिलांनी ती वाहिली आणि खाली ठेवली. तुम्हा तिघांच्या मतांतला निम्मा फरक इथेच आहे. उरलेला निम्मा या गोष्टीत आहे की तुम्ही तिघं तीन वेगवेगळ्या जुन्नरांत वाढलात. त्याकडे थोड्या वेळाने येते.

मुलीपासून सुरुवात करू. माणसाचं मूल सापाची भीती घेऊनच जन्मतं, असं पुष्कळांना वाटतं. प्रयोगांत दिसलेलं चित्र वेगळं आहे. सुझन मिनेका या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ऱ्हीसस माकडांवर काम केलं. प्रयोगशाळेत वाढलेली, साप कधीच न पाहिलेली माकडं सापाला घाबरली नाहीत. पण दुसरं माकड सापाला घाबरताना त्यांनी पाहिलं की तीही घाबरायला लागली, आणि ती भीती टिकली. त्याच पद्धतीने फुलाला घाबरणारं माकड चित्रफितीत जुळवून दाखवलं, तेव्हा फुलाची भीती काही बसली नाही. पुढे व्हनेसा लोब्यू आणि ज्युडी डीलोश यांनी माणसांच्या मुलांकडे पाहिलं. २००८ मधल्या त्यांच्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी बऱ्याच चित्रांतून सापाचं चित्र फुलाच्या चित्रापेक्षा लवकर शोधून काढलं. म्हणजे नजर सापावर पटकन जाते. पण वर्ष-दीड वर्षाची बाळं सापाची हालती चित्रं बघून आपणहून घाबरत नाहीत. सोबत घाबरलेल्या माणसाचा आवाज ऐकवला, की ती सापाकडे जास्त वेळ बघत राहतात. हा आवाज त्या गोष्टीचा आहे, एवढं त्यांना जोडता येतं.

आपल्या घरांत हा प्रयोग रोज होतो. गोठ्यात धामण निघते, आजी ओरडते, काका फावडं घेऊन धावतात, आणि दारात उभं असलेलं चार वर्षांचं पोर धामणीकडे कमी, काकांच्या तोंडाकडे जास्त बघतं. त्या मिनिटभरात जे शिकवून होतं, ते पुसायला शाळेतल्या माझ्या तासाभराच्या भाषणाला जमत नाही. म्हणून मी आता गावात गेले की मुलांच्या आधी आज्यांना भेटते. ‘साप दिसला तर ओरडू नका, पोराचा हात धरा आणि चार पावलं मागे या,’ एवढंच त्यांना सांगते. ज्या घरात हे जमतं त्या घरातलं मूल सापाला मान देतं आणि त्याच्यापासून लांबही राहतं. आपल्याला दोन्ही हवंय.

आता मायेचं. लहान मुलांना प्राण्यांचं प्रेम उपजत असतं आणि मोठेपणी ते आटतं, असा एक गोड समज आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाचे स्टीफन केलर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कनेक्टिकटमधल्या दुसरी, पाचवी, आठवी आणि अकरावीच्या मुलांचा प्राण्यांकडे बघण्याचा दृष्टिकोन तपासला. निष्कर्ष बऱ्याच जणांना अनपेक्षित होता. सर्वांत लहान मुलं प्राण्यांकडे सर्वांत स्वार्थी नजरेने पाहत होती: हे माझ्या काय कामाचं, याच्यावर माझी सत्ता चालते का. साधारण सहा ते नऊ या वयात जीव लावण्याची वृत्ती वाढते, दहा ते तेरा या वयात माहितीची भूक वाढते, आणि तेरा ते सतरा या वयात जंगल, अन्नसाखळी, प्राण्यांशी योग्य-अयोग्य वागणं याचा विचार पक्का होऊ लागतो, असं त्यांनी मांडलं.

हे अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवरून काढलेलं चित्र आहे, ते जसंच्या तसं आपल्याकडे लावू नये. आठव्या वर्षी शेळ्या वळणारी मुलगी आपलं करडू बिबट्याने नेलं की त्या वयातच हिशेब शिकते. धनगरांची मुलं मेंढ्यांभोवतीच्या जाळीशेजारी झोपतात, कुत्र्याचं भुंकणं कोणत्या जनावरावर आहे ते ओळखतात. तरीही क्रम मला आपल्याकडेही ओळखीचा वाटतो. म्हणून तुमच्या सात वर्षांच्या मुलीला ‘बिबट्या परिसंस्थेत महत्त्वाचा’ असं सांगण्यात अर्थ नाही. ते तिच्या वयाचं वाक्य नाही. तिला पिल्लू पाळायचंय, हीच तिच्या वयाला साजेशी गोष्ट आहे, आणि तीच धरून बोला.

तिला ऊसतोडीची गोष्ट सांगा, कारण ती खरी आहे आणि तुमच्याच गावाच्या शिवारात घडते. उसात बिबट्याची मादी व्यालेली असते. तोड सुरू झाली की पिल्लं उघडी पडतात. तोडणी कामगार काम थांबवतात, वनरक्षकाला फोन जातो, पिल्लं तपासली जातात आणि संध्याकाळी त्याच जागी, जिथे सापडली तिथे, एका खोक्यात ठेवली जातात. माणसं लांब जातात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. कॅमेऱ्यांत हे बऱ्याचदा टिपलेलं आहे. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले लोक या कामात वाकबगार झाले आहेत. पिल्लू घरी आणलं तर आई शोधत राहील, हे सात वर्षांच्या मुलीला लगेच कळतं. पिल्लू पाळण्याचा हट्ट त्या एका वाक्याने सुटलेला मी पाहिला आहे. आणि चवताळलेली आई शेजारच्या वस्तीला किती धोकादायक असते, ते तिला दहाव्या-अकराव्या वर्षी सांगा. तेव्हा ती ते ऐकेल.

पुढचा टप्पा तुमच्या घरात अजून आलेला नाही, पण येईल. पंधरा ते पंचविसातली मुलं हा माझ्या काळजीचा सर्वांत मोठा भाग आहे. या वयात जनावर हा आपला आरसा होतो: मी किती धीट आहे हे दाखवण्याचं साधन. पूर्वी ते विहिरीत उडी मारून दाखवत, आता नागाला हातात धरून मोबाईलवर चित्रफीत टाकतात. आपल्याकडे सर्पमित्रांनी फार मोलाचं काम केलं आहे. एकेकाळी दिसला साप की ठेचायचा अशी रीत असलेल्या गावांत आज आधी फोन होतो, हे त्यांचं श्रेय. पण चांगला सर्पमित्र साप कमीत कमी वेळ हाताळतो, पिशवी आणि आकडी वापरतो, गर्दी हटवतो आणि फोटोला उभा राहत नाही. जो नागाचं चुंबन घेतो तो सर्पमित्र नव्हे, आणि अशी मुलं दंश होऊन गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. या वयाला ‘घाबर’ म्हणून उपयोग होत नाही. त्यांना काम द्यावं लागतं: जनावराचा फोटो आपोआप टिपणाऱ्या ट्रॅप कॅमेऱ्याचं कार्ड काढून आणणं, ठसे मोजणं, वस्तीवरच्या दिव्यांची यादी करणं. जोखमीची हौस जबाबदारीच्या कामाकडे वळली की तीच मुलं पुढे गावाचा आधार होतात.

आता तुमच्याकडे येते. तुमची भीती खोटी नाही. तुमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, २०२५ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे तीन आठवड्यांत दोन मुलं आणि एक वृद्ध बाई बिबट्याच्या हल्ल्यात गेली. लोक रस्त्यावर उतरले. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या बायकांची छायाचित्रं तुम्हीही पाहिली असतील. अशा वेळी ‘बिबट्या माणसाला घाबरतो’ एवढंच सांगून निघून जाणं म्हणजे त्या घरांचा अपमान आहे. बिबट्या साधारणपणे माणूस टाळतो, हे खरंच आहे. पण त्याच्या नजरेत उभा धडधाकट माणूस वेगळा आणि वाकलेलं, बसलेलं किंवा छोटं माणूस वेगळं. म्हणून मुलं, घास कापायला बसलेल्या बायका आणि वाकून चालणारे म्हातारे जास्त धोक्यात असतात. म्हणजे तुम्ही स्वतःसाठी न घाबरता मुलीसाठी घाबरता, यात तुमचा अंदाज बरोबर आहे.

भीती चुकीची नाही, ती बऱ्याचदा चुकीच्या जागी खर्च होते, हे मात्र खरं. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली जवळपास निम्मी ३० ते ६९ या वयातली, म्हणजे शेतात राबणारी, आणि पाव हिश्श्याहून जास्त १५ वर्षांखालची मुलं. बिबट्याच्या हल्ल्यांचे आकडे याच्या जवळपासही येत नाहीत. पण बिबट्याची बातमी होते, मण्यारीची होत नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, वेदना फारशी होत नाही, सूजही येत नाही, आणि सकाळी मूल ‘पोट दुखतंय, डोळे उघडत नाहीत’ म्हणतं. तुमच्यासारख्या जागरूक बापालाही अंगणातल्या बिबट्याची धास्ती असते आणि मुलगी मात्र सुट्टीत आजीशेजारी जमिनीवर झोपत असते. तिला खाटेवर झोपवा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. दंशाची नुसती शंका आली तरी ग्रामीण रुग्णालय गाठा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती मी पालकांना मुद्दाम सांगते: मुलाला प्रतिविषाचा डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो. सापाने विष लहान-मोठं बघून टोचलेलं नसतं.

वडिलांकडे जाण्याआधी त्यांचं जुन्नर डोळ्यांसमोर आणू. ते आज पंच्याहत्तर वर्षांचे, म्हणजे जन्म १९५० च्या आसपासचा. त्यांच्या लहानपणी तालुक्याच्या पूर्व भागात बाजरी आणि मटकी होती, ऊस विहिरीच्या पाण्यापुरता. बिबट्या होता तो पश्चिमेला, घाटाच्या अंगाला. पुढे कुकडी प्रकल्पातली येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कालव्यांना पाणी आलं, आणि जिरायत शिवारात वर्षभर उभा राहणारा ऊस आला. आत गारवा, आडोसा, पाणी. बाहेर वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं. बिबट्याला आणखी काय हवं असतं? तुमच्या बालपणी हा बदल चालू होता. तुमची मुलगी ज्या गावाला सुट्टीत जाते, तिथल्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या आहेत. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, दर १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच बिबटे निघाले. तेही जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या शेतजमिनीत.

म्हणजे ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बिबट्यासोबत राहिलो’ हे वाक्य वडिलांच्या तोंडी आलं, तर ते घाटाकडच्या गावाला जितकं लागू आहे तितकं तुमच्या गावाला नाही. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला महादेव कोळ्यांच्या गावांत वाघबारस, म्हणजे वाघदेवाची पूजा, होते. ठाणे, पालघर आणि मुंबईच्या उपनगरांत वारली समाजाच्या वाघोबा या देवाची दीडशे ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत. तिथला म्हातारा बिबट्याविषयी बोलतो तेव्हा मागे देवाशी झालेला करार असतो: तुला मान देऊ, तू आम्हाला सांभाळ, आणि चुकलो तर तुझा कोप आम्हाला ठाऊक आहे. त्या करारात भीती पुसलेली नाही, तिला जागा दिलेली आहे. तुमच्या वडिलांचा शांतपणा वेगळ्या वाटेने आलाय. तो सवयीतून आलाय.

आणि त्या सवयीमागे एक कडवट इतिहासही आहे. २००१ च्या आधीच्या आठ वर्षांत जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. फेब्रुवारी २००१ पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोठी मोहीम सुरू झाली आणि हल्ले वर्षाला सरासरी १७ वर गेले. अनोळखी जागी सोडलेलं जनावर गोंधळतं, आपल्या मूळ जागेकडे निघतं, वाटेत माणसांच्या वस्त्या ओलांडतं. पकडलं त्या जागी दुसरं तरणं जनावर येतं. तेव्हा वडील पन्नाशीत होते, आणि तुमच्या वयाच्या बापांसारखेच रात्री जागत असणार. त्यांना विचारून पाहा. मला असं बऱ्याचदा ऐकायला मिळालंय की आज ‘काही करत नाही तो’ म्हणणारे आजोबा त्या वर्षांत काठी उशाशी घेऊन ओट्यावर झोपायचे. माणूस आपली जुनी भीती फार लवकर विसरतो, आणि मग मुलाच्या भीतीला भित्रेपणा म्हणतो.

वडिलांच्या शांतपणात खरं ज्ञान आहे. कोणत्या बांधावरून जनावर जातं, कोणत्या महिन्यात दिसतं, टिटवी ओरडली तर काय समजायचं, हे त्यांना माहीत आहे. पण ज्ञान जितकं पक्कं होतं तितके डोळे आणि कान कमी होतात. मोतीबिंदू, कमी ऐकू येणं, रात्री लघवीला दोन-तीनदा उठणं, कमरेतून वाकलेलं चालणं. ज्या काळात त्यांनी धोका ओळखायला शिकलं, त्या काळातलं शरीर त्यांच्याकडे आता नाही. गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलताना मी हे थेट बोलते, आणि त्यांना राग येत नाही. उलट मुलांनी आडून बोललेलं त्यांना जास्त लागतं. बॅटरी न घेता फिरण्यात वडिलांचं धाडस कमी आणि सवय जास्त आहे. बॅटरी तुम्ही विकत आणून द्या, पण हातात मुलीने द्यावी. तिच्या हातातून ते घेतील.

वय वाढलं की माणूस जनावरांविषयी शांत होतो, असा सरसकट नियम मात्र नाही. कोकणात याच्या उलट बघायला मिळतं. मे महिन्यात मुंबईहून आलेली नातवंडं आंब्याच्या फांदीवरचे वानर बघून टाळ्या पिटतात, केळी देऊ म्हणतात, आणि आजोबा गलोल घेऊन धावतात. हेच आजोबा तरुणपणी वानरांना हसून हुसकत होते. आता कलमं उतरायला माणूस मिळत नाही, माकडं शहाळी फोडतात, रानडुक्कर एका रात्रीत भुईमूग उकरतो, आणि शेती सोडून दिलेल्या शेजाऱ्याच्या पडीक जमिनीत डुकरांना मुक्काम मिळतो. सिंधुदुर्गात २००२ पासून कर्नाटकातून आलेल्या हत्तींनी दोडामार्ग परिसरात नारळ-केळीच्या बागा मोडल्या. त्या वयात मोडलेली बाग पुन्हा उभी करायला वर्षं उरलेली नसतात. तरुणाने गमावलेलं पीक आणि सत्तरीतल्या माणसाने गमावलेला माड हे एकसारखं नुकसान नव्हे. त्या आजोबांना क्रूर म्हणणाऱ्या शहरी नातेवाइकांशी मी प्रत्येक वेळी भांडले आहे.

शहरातलं म्हातारपण तिसऱ्याच वाटेने जातं. जबाबदाऱ्या संपतात, वेळ उरतो, माया उरते आणि ती द्यायला घरात कोणी नसतं. मग माथेरानच्या माकडांना फुटाणे, घाटातल्या वळणावर गाडी थांबवून केळी. यामागचा जीव मला कळतो, पण परिणाम वाईट होतात. खाऊची सवय लागलेलं माकड पिशवी हिसकावतं, मुलांना चावतं, रस्त्यावर गाडीखाली येतं, आणि मग त्यालाच पकडायची मागणी होते. भूतदयेला दुसरी वाट आहे: गॅलरीत पाण्याचं भांडं, सकाळी दुर्बीण घेऊन तळ्याकाठी जाणं, दिसलेल्या पक्ष्यांची वही. निवृत्तीनंतर हा नाद लागलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या नोंदी खरंच उपयोगी पडतात.

काळ बदलला की माणूस कसा बदलतो, यासाठी पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं उदाहरण चांगलं आहे. १८९६ सालचा मुंबईचा जन्म. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी मारली, ती कोणती ते कळेना, म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत तिथले सचिव मिलार्ड यांच्याकडे नेली, आणि तिथून सगळं आयुष्य पक्ष्यांना वाहिलं. गोष्ट इथवर सगळ्यांना माहीत असते. पण पक्षीप्रेम जडल्यावर त्यांनी बंदूक खाली ठेवली नाही. सर्वेक्षणांसाठी ते पुढेही अनेक वर्षं पक्ष्यांचे नमुने मारून गोळा करत राहिले, कारण त्या काळच्या पक्षिशास्त्राची ती पद्धत होती. त्याच माणसाने भरतपूरच्या पाणथळीसाठी आणि केरळच्या सायलेंट व्हॅलीसाठी आवाज उठवला. गावाकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधी तरुण असलेला माणूस ससा, तितर, डुकराची शिकार अभिमानाने सांगतो, तेव्हा नातवाने तोंड वाकडं करू नये. आजोबांना त्या रानाची जी बारीक ओळख आहे, ती शिकारीतूनच झालेली आहे. नातवाच्या पिढीची सहानुभूती जास्त आहे, ओळख कमी.

हे अंतर सर्वांत स्पष्ट दिसतं ते गिधाडांबाबत. तुमच्या वडिलांना मेलेल्या बैलावर उतरलेली गिधाडं आठवतात. किळस यायची, असंही ते सांगतील. तुम्हाला अंधुक आठवत असतील. तुमच्या मुलीच्या जगात ती नाहीतच. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मरणाचं कारण ठरलं, हे २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली होती. मुलीला या नुकसानीचं दुःख होणार नाही, कारण तिने काही गमावलेलंच नाही. ते दुःख तिला आजोबांकडूनच मिळू शकतं. वडिलांना म्हणा, गिधाडं तिला सांगा, किळस वगळू नका.

तर बरोबर कोण? मुलीची माया, तुमची धास्ती आणि वडिलांची ओळख, या तिन्हींची एकाच घरात गरज आहे, फक्त प्रत्येकाने आपापलं काम करायला हवं. नियम तुम्ही ठरवा, कारण जबाबदारी तुमची आहे. दिवेलागण ते उजाडेपर्यंत मुलगी एकटी बाहेर नाही, परसाकडेही नाही. चालताना ती मोठ्या माणसांच्या मध्ये, मागे रेंगाळणारी नको. घराच्या भिंतीला टेकलेला ऊस असेल तर पुढच्या लागणीला घराभोवती मोकळी पट्टी सोडायला घरच्यांना सांगा. अंगणात रात्रभर दिवा, गोठ्याला वरूनही जाळी, कुत्रं बाहेर साखळीला बांधलेलं नको, कारण बांधलेलं कुत्रं हे बिबट्याला आवतण आहे. कोंबड्यांची घाण आणि मेलेलं वासरू ओढ्यात टाकण्याची सवय बंद. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला आली तर मोटर चालू करायला जोडीने जायचं, मोबाईलवर गाणी लावून, वडिलांनी एकट्याने नाही.

दिवसाची वेळ मात्र वडिलांना द्या. सकाळी ऊन आल्यावर त्यांनी नातीला बांधावरून न्यावं, तुम्ही चार पावलं मागे. मऊ मातीत ठसा दिसला तर नखं उमटली आहेत का ते तिला बघायला लावावं: कुत्र्याची उमटतात, बिबट्याची सहसा नाही. धामण दिसली तर थांबून जाऊ द्यावी. ती तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघेल, हे लक्षात असू द्या.

आणि फोन कोणी करायचा तेही घरात आधीच ठरवून ठेवा. बिबट्या, पिल्लं किंवा घरात शिरलेला साप असेल तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे. तो आणि तुमच्या भागातल्या वनरक्षकाचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून लावा, वडिलांना चष्म्याशिवाय वाचता येईल इतक्या मोठ्या.